‘१९८४’ आणि खरा इतिहास: धागा कसा जोडावा

ऑर्वेलच्या ‘१९८४’ या कादंबरीवर निबंध लिहायला बसलं की बहुतेकांचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं: कादंबरीतला हुकूमशहा बिग ब्रदर म्हणजे सोव्हिएत सत्ताधीश स्टालिन आणि तिथला ‘देशद्रोही’ गोल्डस्टाइन म्हणजे स्टालिनने हद्दपार केलेला ट्रॉट्स्की. हे चूक नाही, पण नावाला नाव जोडलं की विषय तिथेच संपतो. शोधायचं ते वेगळं. सत्ता नेमकं काय करते, कुणाच्या हातून करून घेते आणि पुराव्याचं पुढे काय होतं?

त्यासाठी ‘सत्याचा विपर्यास’ असा ढोबळ विषय न घेता एकच प्रसंग घ्या. पहिल्या भागाचं सातवं प्रकरण उघडा. जुन्या बातम्या बदलण्याचं काम करणारा नायक विन्स्टन, त्याच्या हाती जुन्या वर्तमानपत्राचं अर्धं पान येतं. त्यावर जोन्स, ॲरन्सन आणि रदरफर्ड या पक्षाच्या जुन्या नेत्यांचा न्यूयॉर्कमधल्या एका पक्षकार्यक्रमातला फोटो असतो, तारखेसकट. देशद्रोहाच्या खटल्यात मात्र तिघांनी कबूल केलेलं असतं की त्याच दिवशी आपण कॅनडातल्या गुप्त विमानतळावरून सायबेरियात जाऊन शत्रूला भेटलो. कबुली खोटी असल्याचा पुरावा हातात असूनही विन्स्टन तो कागद भट्टीकडे जाणाऱ्या भोकात टाकून देतो.

आता वहीत चार रकाने आखा: प्रसंगात काय घडतं, इतिहासात काय घडलं, लेखकाला ते कुठून ठाऊक होतं आणि दोन्हींत फरक काय. शेवटचे दोन रकाने हमखास रिकामे राहतात, आणि निबंधाचा जीव त्यांतच असतो.

इतिहासाच्या रकान्यात मॉस्कोचे खटले येतील: स्टालिनने जुन्या पक्षनेत्यांवर देशद्रोहाचे आरोप ठेवून जाहीरपणे चालवलेले. ऑगस्ट १९३६ मध्ये होल्ट्झमन या आरोपीने सांगितलं की १९३२ साली कोपनहेगनच्या हॉटेल ब्रिस्टलमध्ये आपण ट्रॉट्स्कीच्या मुलाला भेटलो. आरोपींना गोळ्या घातल्यावर काही दिवसांतच एका डॅनिश वर्तमानपत्राने दाखवून दिलं की ते हॉटेल १९१७ सालीच बंद झालं होतं. पुढे जानेवारी १९३७ च्या खटल्यात प्याताकोव्ह हा आरोपी म्हणाला की डिसेंबर १९३५ मध्ये आपण बर्लिनहून विमानाने ऑस्लोला ट्रॉट्स्कीकडे गेलो होतो. त्या महिन्यात तिथे एकही परदेशी विमान उतरलं नव्हतं, असं नॉर्वेतून जाहीर झालं. कादंबरीतलं गुप्त विमानतळ यांच्याशेजारी ठेवून पाहा.

तिसऱ्या रकान्यात लेखकाचं आयुष्य. डिसेंबर १९३६ मध्ये ऑर्वेल यादवी युद्ध चालू असलेल्या स्पेनला पोचला आणि पीओयूएम या स्टालिनविरोधी डाव्या पक्षाच्या पथकातून लढला. जून १९३७ मध्ये त्या पक्षावर बंदी आली, धरपकड सुरू झाली आणि त्याला फ्रान्समध्ये निसटावं लागलं. ‘ॲनिमल फार्म’च्या युक्रेनियन आवृत्तीच्या १९४७ च्या प्रस्तावनेत त्याने ही धरपकड रशियातल्या शुद्धीकरणाचीच, म्हणजे स्टालिनने केलेल्या विरोधकांच्या सफाईचीच, पुरवणी असल्याचं लिहिलं आहे. तरीही ‘हा फोटो हॉटेल ब्रिस्टलवरूनच सुचला’ असं लिहू नका. ‘या प्रकारच्या खटल्यांची त्याला जवळून झळ लागली होती’ एवढंच म्हणता येतं, आणि तेवढं पुरेसं आहे.

चौथा रकाना सर्वांत मोलाचा. होल्ट्झमनचं खोटं उघडं पडलं, कारण कोपनहेगनचं वर्तमानपत्र स्टालिनच्या हाताबाहेर होतं. कादंबरीतल्या ओशनिया या राज्याला असं ‘बाहेर’ उरलेलंच नाही. तिथे दुसऱ्या देशाचा छापखाना नाही, चौकशी करणारं मंडळ नाही, आहे ती एकट्या माणसाची आठवण. ऑर्वेलने इतिहासातून एकच गोष्ट काढून घेतली आणि मग काय उरतं ते दाखवलं. तुमचा मुद्दा इथून निघतो.

दीड हजार शब्दांच्या निबंधाला असे दोनच प्रसंग घ्या. प्रत्येकी उताऱ्याला साधारण १०० शब्द, ऐतिहासिक घटनेला २०० आणि फरकाला निदान २५०. सात-आठ साम्यं घेतली की निबंधाची यादी होते.

तारखा तपासल्याशिवाय पुढे जाऊ नका. कादंबरी ८ जून १९४९ रोजी आली आणि २१ जानेवारी १९५० रोजी ऑर्वेल वारला. सोव्हिएत ज्ञानकोशातलं, स्टालिनच्या गुप्त पोलिसांचा प्रमुख असलेल्या बेरियाचं पान कापून तिथे बेरिंग समुद्राचा मजकूर चिकटवा, ही सूचना वर्गणीदारांना गेली ती बेरियाच्या पाडावानंतर, १९५३ च्या पुढे. हे उदाहरण प्रेरणा म्हणून दिलं तर चूक. कादंबरीनंतरही तेच घडत राहिलं, या मुद्द्यासाठी मात्र ते उत्तम आहे. ‘१९४८ चे आकडे उलटे करून नाव ठेवलं’ हेही ठामपणे लिहू नये. ऑर्वेलच्या स्वतःच्या लिखाणात त्याला आधार नाही.

आपल्याकडे आणीबाणीशी तुलना हटकून होते. जरूर करा, पण योग्य उताऱ्याशी. जून १९७५ मध्ये वर्तमानपत्रांवर पूर्वनियंत्रण आलं आणि ‘इंडियन एक्स्प्रेस’ने अग्रलेखाची जागा कोरी सोडली. हे बातमी छापण्याआधी अडवणं झालं. विन्स्टनचं खातं छापून गेलेली बातमी बदलतं. दोन्ही गोष्टी वाईट, पण एक नव्हेत. कोरी जागा वाचकाला दिसते, तर बदललेलं पान दिसतच नाही. शिवाय मार्च १९७७ च्या निवडणुकीत लोकांनी सरकार बदललं. तो फरक लपवला, तर तुलना प्रचारकी होते.

एकाच पक्षाला झोडपण्यासाठी कादंबरी वापरण्याचा मोह तर फार जुना आहे. १९४९ सालच्या एका पत्रात खुद्द ऑर्वेलने लिहिलं होतं की हा समाजवादावर किंवा ब्रिटिश मजूर पक्षावर हल्ला नाही. केंद्रीकृत अर्थव्यवस्थेत जी विकृती शिरू शकते आणि कम्युनिझम व फॅसिझममध्ये काही अंशी प्रत्यक्षात उतरली आहे, ती त्याला दाखवायची होती. त्याने गोष्ट घडवली तीही लंडनमध्ये. म्हणून दुसरा प्रसंग निवडताना मॉस्को सोडा आणि चॉकलेटचं रेशन घ्या. ते आठवड्याला ३० ग्रॅमवरून २० वर येतं आणि दुसऱ्याच दिवशी ‘वाढवून २० केलं’ म्हणून बिग ब्रदरचे आभार मानले जातात. शेजारच्या रकान्यात ब्रिटनचं जुलै १९४६ लिहा. युद्धभर मोकळा मिळालेला पाव युद्ध जिंकल्यानंतर रेशनवर आला, तो महिना.