ओसाड जागेतला भयपट घरी कसा बघायचा

आपल्याकडे हॉरर म्हटलं की लोक भूत कधी दिसतंय एवढीच वाट बघत बसतात, आणि मग बर्फात अडकलेलं हॉटेल किंवा उसातलं एकटं घर असला सिनेमा लावला की अर्ध्या तासात म्हणतात लय स्लो आहे, काही होतच नाहीये. अहो होतंय ना, बाहेर पडायचे रस्ते एकेक करून बंद होतायत, आणि ते बंद होताना तुम्हाला दिसले नाहीत तर पुढची भीती तुमच्यापर्यंत पोचणारच नाही. म्हणून बघायची ही पद्धत सांगतोय.

१. सुरुवात ओळखीच्या जागेपासून करा

पहिल्याच रात्री अंटार्क्टिकातला सिनेमा नको. विशाल फुरियांचा 'लपाछपी' (२०१७) लावा. पूजा सावंत यात गरोदर आहे, नवऱ्याबरोबर शहर सोडून ड्रायव्हरच्या गावाकडच्या घरी राहायला येते आणि घराच्या आजूबाजूला नुसता ऊस. वाढलेल्या उसात जो कधी शिरलाय त्याला ही जागा समजावून सांगावी लागत नाही, दोन सऱ्या आत गेलात की बांध कुठल्या बाजूला राहिला ते कळत नाही, पाचट अंगाला कापतं, आणि चार हातांवर माणूस उभा असला तरी दिसत नाही, फक्त सळसळ ऐकू येते. त्यामुळे या सिनेमात दिवसाउजेडीसुद्धा भीती वाटते, अंधाराची गरजच पडत नाही. २०२१ ला फुरियांनीच हिंदीत 'छोरी' केला, पण आधी मराठी बघा, उषा नाईक यांचं काम चुकवू नका. घरात कोणी गरोदर असेल तर मात्र हा लावूच नका, विषय थेट तिथेच जातो.

२. खोली तयार करा

मोबाईलवर बघू नका. टीव्ही असेल तर सेटिंगमध्ये जाऊन पिक्चर मोड 'सिनेमा' किंवा 'मूव्ही' करा आणि हालचाल गुळगुळीत करणारं जे मोशन सेटिंग असतं ते बंद करा, नाहीतर सगळं सीरियलसारखं दिसतं. ट्यूबलाइट बंद, खिडकीचा पडदा ओढलेला. आवाज एखाद्या हळू बोलण्याच्या सीनला नीट ऐकू येईल इतका ठेवा आणि मग रिमोटला हात लावू नका, कारण शांतता आणि दणका यातलं अंतर दिग्दर्शकाने मोजून ठेवलेलं असतं.

३. लांबी तपासून घ्या

हे फक्त काही सिनेमांना लागू आहे पण स्टॅन्ली कुब्रिकच्या 'द शायनिंग'ला (१९८०) नक्की, म्हणजे हिवाळ्यात बंद असलेलं डोंगरातलं हॉटेल सांभाळायला गेलेल्या कुटुंबाचा सिनेमा. त्याच्या दोन आवृत्त्या फिरतात, अमेरिकेतली साधारण १४४ मिनिटांची आणि युरोपातली ११९ च्या आसपास. मोठी घ्या. छोटीत हॉटेलवर जायच्या आधीचा बराच भाग कापलाय.

४. कागद घ्या आणि रस्ते मोजा

ही पायरी सगळ्यात महत्त्वाची. सुरुवातीपासून इथून बाहेर जायचे आणि बाहेरच्यांशी बोलायचे मार्ग दिसतील तसे लिहून काढा. 'शायनिंग'मध्ये डोंगरातला रस्ता आहे, सुरुवातीला ती छोटी पिवळी गाडी किती वेळ एकटीच चालत राहते ते बघा, शिवाय फोन आहे, रेडिओ आहे, बर्फावर चालणारं वाहन आहे. आता एकेकावर काट मारत चला. बर्फाने रस्ता गेला, वादळाने फोन गेला, इथपर्यंत निसर्गाचं काम, पण रेडिओ आणि ते वाहन बंद पाडतो तो घरातलाच माणूस, आणि हे लक्षात आल्यावर पोटात जे होतं ते कुठल्या भुताने होत नाही. मध्ये येणाऱ्या काळाच्या पाट्याही वाचा, आधी 'एक महिन्यानंतर', मग नुसते वार, शेवटी तास. वेळ आवळत जाते.

मग जॉन कार्पेंटरचा 'द थिंग' (१९८२) घ्या. अंटार्क्टिकातल्या तळावर बारा माणसं, आणि कुणाच्याही शरीराची नक्कल करणारं काहीतरी त्यांच्यात शिरलंय. इथे हेलिकॉप्टर आणि रेडिओ फोडणारा माणूस वेडा वाटतो, पण त्याचं गणित ऐका, हे इथून सुटून माणसांच्या वस्तीत गेलं तर जग संपेल. म्हणजे तोपर्यंत आपण म्हणत असतो यांना बाहेर काढा रे, आणि एकदम वाटायला लागतं की नको, कुणीच बाहेर जायला नको. माझ्या मते या प्रकारातली सगळ्यात भारी कल्पना हीच. रिलीजच्या वेळी तो फारसा चालला नाही, आज मात्र लोक तो डोक्यावर घेतात.

५. कान उघडे ठेवा

'शायनिंग'मध्ये लहान मुलगा तीनचाकी सायकल घेऊन रिकाम्या हॉटेलात फिरतो. चाक लाकडावर आलं की खडखड, गालिच्यावर गेलं की एकदम गप्प, परत खडखड. कॅमेरा जमिनीलगत त्याच्या मागे. काहीच घडत नाही तरी दर वळणाला जीव वर येतो. इथे कोणी बोललं तर सीन गेला, म्हणून आधीच सांगून ठेवा, आणि एका वेळी दोन-तीन माणसंच बरी, घोळका नको. पाच-सात वर्षांची पोरं तर नकोच, ती झोपल्यावर लावा.

६. संपल्यावर

लगेच मोबाईल काढून शेवटाचा अर्थ शोधू नका. दिवा लावा, चहा टाका, तो कागद पुढ्यात घ्या आणि एकमेकांना विचारा, कुठल्या मिनिटाला इथून निघता आलं असतं? 'द थिंग'नंतर आमच्याकडे रात्री दोनपर्यंत भांडण चाललं होतं की शेवटी उरलेल्यांपैकी कोण माणूस आणि कोण नाही. दुसऱ्या दिवशी त्याची पहिली वीस मिनिटं परत लावा, सुरुवातीलाच पळत येणाऱ्या कुत्र्यापासून, आता त्याच्याकडे बघताना कसं वाटतं बघा.