चोरल-सिमरोलच्या माळावर यूटीव्ही नेण्यापूर्वीची तयारी

इंदूरहून खंडवा रस्त्याने सिमरोल ओलांडले की माळव्याचे पठार संपत येते आणि चोरल नदीकडे उतरणाऱ्या दगडगोट्यांच्या वाटा लागतात. ज्यांची स्वतःची किंवा नातेवाइकांची शेती या भागात आहे आणि ज्यांना तेथे साइड-बाय-साइड यूटीव्ही चालवण्याची हौस आहे, त्यांच्यासाठी ही तयारीची यादी आहे. खडबडीत जमिनीसाठी बनवलेल्या या चारचाकी गाडीत चालक आणि सोबती शेजारी-शेजारी बसतात, स्टिअरिंग आणि पेडल मोटारीसारखेच असतात, मात्र भोवती काचा आणि पत्रा जवळजवळ नसतो आणि डोक्यावर लोखंडी नळ्यांचा पिंजरा असतो. तिचे सस्पेन्शन खड्डे-धोंडे इतक्या सहज पचवते की आत बसलेल्याला आपण किती वेगात आहोत हे कळेनासे होते. म्हणून कोणाला बसवायचे नाही, कुठून परत फिरायचे आणि कोणत्या ओढ्यात उतरायचे नाही, हे आदल्या संध्याकाळी घरी ठरवून घ्यावे. उतारावर उभे राहून, मित्र पाहत असताना, असे निर्णय शहाणपणाने घेतले जात नाहीत.

सर्वांत आधी जागेची निश्चिती करावी. 1988 च्या मोटार वाहन कायद्याच्या 39 व्या कलमानुसार नोंदणी नसलेले वाहन सार्वजनिक ठिकाणी चालवता येत नाही, आणि खेळासाठी बनवलेल्या बहुतेक यूटीव्हींना तशी नोंदणी नसते. त्यामुळे शेतापर्यंत ती पिकअपवर किंवा ट्रेलरवरच न्यावी, चारही कोपऱ्यांना रॅचेटचे पट्टे आवळावेत, आणि दोन शेतांच्या मधला गावरस्ता "एवढासाच तर आहे" म्हणून चालवत ओलांडू नये. वनविभागाची जमीन, राळामंडलचे अभयारण्य आणि महूच्या आसपासची लष्कराची गोळीबाराची मैदाने या तिन्हींच्या हद्दी नकाशावर पाहून ठेवाव्यात. शेवटच्या ठिकाणी न फुटलेल्या दारूगोळ्याचाही धोका असतो. शेजारच्या शेतकऱ्याकडे स्वतः जाऊन विचारावे, निरोप पाठवून भागवू नये. पावसाळ्यात आणि त्यानंतर जमीन वाळेपर्यंत काळ्या मातीत गाडी घालूच नये. ओली काळी माती टायरच्या खाचा क्षणात भरून टाकते, चाक नुसते फिरत राहते आणि खोल चाकोरी पडते. तीच चाकोरी वाळून दगडासारखी कडक झाली की पुढचे काही महिने शेतकऱ्याची बैलगाडी आणि ट्रॅक्टर तिच्यात अडकत राहतात. आपली तासाभराची मौज त्याच्या अख्ख्या हंगामाला महागात पडू नये, एवढा विचार परवानगी मागतानाच केलेला असावा.

त्यानंतर चालक, आणि येथे थोडे थांबणे आवश्यक आहे, कारण यंत्र तपासायला लोक तयार असतात, चालकाला कोणी तपासत नाही. मार्च 2009 मध्ये अमेरिकेच्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाने यामाहाच्या राइनो या यूटीव्हीसाठी मोफत दुरुस्तीची मोहीम जाहीर केली, तेव्हा आयोगाने तपासलेल्या 50 हून अधिक घटनांमध्ये 46 चालक आणि सोबत्यांचा मृत्यू झालेला होता. दोन तृतीयांशांहून अधिक घटनांत गाडी उलटली होती, अनेकांनी बेल्ट लावलेला नव्हता, आणि उलटण्याच्या बऱ्याच घटना तुलनेने कमी वेगात, सपाट जमिनीवर, वळण घेताना घडल्याचे दिसत होते. दुरुस्तीमध्ये मागच्या दोन चाकांना जोडणारा स्टॅबिलायझर बार काढून त्या चाकांना रुंदी वाढवणारे स्पेसर बसवले गेले, म्हणजे गाडीच्या रचनेतही बदल करावा लागला. परंतु बेल्ट लावण्याचे काम कोणताही कारखाना चालकाच्या वतीने करू शकत नाही. "आम्ही डोंगरावर जातच नाही, शेतातच फिरवतो" असे म्हणणाऱ्या प्रत्येकाला मला हीच नोंद दाखवावीशी वाटते.

काही गाड्यांमध्ये चालकाने बेल्ट लावला नाही तर वेग ताशी सुमारे 24 किलोमीटरच्या वर जात नाही. यावर काही चालक एक क्लृप्ती काढतात: बेल्ट पाठीमागून ओढून, रिकाम्या सीटवरच बकल अडकवतात आणि मग त्यावर बसतात. हे निघण्यापूर्वी पाहणे सोपे आहे. प्रत्येकाच्या खांद्यावरून आलेला पट्टा छातीपाशी दोन बोटांनी ओढून पाहावा, तो सैल असेल तर आवळावा, कमरेचा पट्टा पोटावर नव्हे तर कंबरेच्या हाडावर बसला आहे ना हे बघावे आणि बाजूची जाळी किंवा दार खरोखर लागले आहे ना, ते हलवून पाहावे. डोक्यावरचा पिंजरा पट्ट्याने सीटला बांधलेल्या माणसालाच वाचवतो. गाडी कलंडू लागली की हात किंवा पाय बाहेर टेकवण्याची इच्छा शरीराला आपोआप होते आणि अर्धा टन किंवा त्याहून जड असलेली गाडी नेमकी त्याच हातावर पडते. म्हणून सोबत्याने समोरची पकड आणि चालकाने स्टिअरिंग सोडायचे नाही, हे उभ्या गाडीत बसूनच एकदा करवून घ्यावे.

वयाच्या बाबतीत सवलत देऊ नये. अमेरिकेतील रिक्रिएशनल ऑफ-हायवे व्हेईकल असोसिएशन ही संघटना 16 वर्षांखालील आणि परवाना नसलेल्या व्यक्तीने ही गाडी चालवू नये असे सांगते. आपल्याकडे मोटारीचा परवाना 18 व्या वर्षी मिळतो, आणि माझ्या मते खासगी शेतातही हीच मर्यादा पाळावी. सोबत्यासाठी वयापेक्षा उंचीची कसोटी उपयोगी पडते: पाठ सीटला टेकलेली असताना दोन्ही पावले तळाला सपाट टेकली पाहिजेत आणि हात पकडीपर्यंत पोहोचला पाहिजे. भाचा कितीही रडला तरी त्याला मांडीवर घेऊन बसू नये आणि मागच्या सामानाच्या हौद्यात कोणालाही उभे करू नये. आदल्या रात्रीचे मद्य सकाळपर्यंत अंगात असू शकते, हेही चालक निवडताना लक्षात घ्यावे. आणखी एक गोष्ट आधीच सर्वांसमोर ठरवावी: शेजारी बसलेल्या वहिनीने "भाऊजी, थांबा" म्हटले की गाडी थांबेल, कारण विचारले जाणार नाही आणि नंतर त्यावरून चेष्टा होणार नाही. ब्रेक, अॅक्सिलरेटर आणि स्टिअरिंग चालकाच्या ताब्यात असताना सोबत्याजवळ फक्त शब्द असतो.

कपड्यांची यादी छोटी आहे. आयएस 4151 या भारतीय मानकाची खूण असलेले हेल्मेट, बंद गॉगल, घोटा झाकणारे बूट, पूर्ण बाह्यांचे कपडे आणि हातमोजे पुरेसे आहेत. बोर-बाभळीच्या फांद्या उघड्या बाजूने थेट तोंडावर येतात. ओढणी, शाल, पदर किंवा गळ्यातला गमछा मात्र घरीच ठेवावा किंवा जाकिटाच्या आत पक्का खोचावा, कारण हाताच्या अंतरावर चाक फिरत असते.

यंत्राच्या तपासणीत टायरमधील हवा गाडी थंड असताना, पुस्तिकेतील आकड्याप्रमाणे भरावी. मोटारीच्या सवयीने भरली तर ती जास्त होते आणि गाडी उसळते. चाकांचे नट, ब्रेकचे तेल आणि एअर फिल्टर पाहावेत. माळव्याच्या उन्हाळी धुळीत फिल्टर फार लवकर भरतो. बहुतेक यूटीव्हींमध्ये रबरी ड्राइव्ह बेल्टमार्फत शक्ती चाकांपर्यंत जाते, त्यामुळे चढावर किंवा हळू चालताना लो गिअर वापरावा आणि जळक्या रबराचा वास आला की लगेच थांबावे. पेट्रोलचा डबा हौद्यात ठेवून भरू नये, जमिनीवर ठेवून भरावा. 2016 च्या एप्रिलमध्ये पोलारिस कंपनीने आगीच्या धोक्यामुळे आपल्या सुमारे 1 लाख 33 हजार आरझेडआर यूटीव्ही दुरुस्तीसाठी परत बोलावल्या होत्या, तेव्हा आपल्या गाडीला असे काम लागू होते का आणि ते झाले आहे का, हे गाडीच्या क्रमांकावरून विचारून घ्यावे. अग्निशामक नळकांडे हाताशी असावे. मार्च-एप्रिलमध्ये गहू कापणीला आलेला असतो किंवा शेतात धसकटे असतात, अशा वेळी तापलेल्या सायलेन्सरची गाडी वाळल्या गवतावर उभी करू नये आणि तळाच्या पत्र्यावर साठलेला काडीकचरा वरचेवर काढावा.

वाटेवरच्या वागण्याची निघण्यापूर्वी तोंडी उजळणी करावी. चढ सरळ चढावा, आडवा कापू नये. मध्येच गाडी थांबली तर वळवण्याचा प्रयत्न न करता ब्रेक सांभाळत सरळ मागे उतरावे. उतारावर लो गिअरमध्ये इंजिनालाच वेग रोखू द्यावा. पुढच्याचा धुरळा बसेल एवढे अंतर ठेवावे, आणि प्रत्येक फाट्यावर मागची गाडी दिसेपर्यंत थांबावे, म्हणजे कोणीही चुकत नाही आणि कोणाला गाठण्यासाठी घाई करावी लागत नाही. अमेरिकेतील वाटांवर समोरून येणाऱ्याला मागे किती गाड्या आहेत ते बोटांनी दाखवण्याची आणि शेवटच्याने बंद मूठ दाखवण्याची पद्धत आहे. अरुंद पाणंदीत ती आपणही उचलावी. गुरे दिसली की दूरच थांबून इंजिन बंद करावे आणि गुराख्याने हात केल्यावरच निघावे. त्याची बिथरलेली म्हैस पिकात शिरली तर भांडण त्याच्या दारात जाते, आपल्या नाही.

पाण्याबाबत नियम कडक असावा. चोरल परिसरातील ओढे वर कुठेतरी पडलेल्या पावसाने, आपल्या डोक्यावर ऊन असतानाही फुगतात. 2011 च्या जुलैमध्ये महूजवळच्या पाताळपाणीच्या धबधब्यावर सहलीला आलेले लोक अशाच अचानक आलेल्या लोंढ्यात वाहून गेले. वाहते गढूळ पाणी ओलांडू नये. तळ दिसणाऱ्या उथळ पाण्यातही आधी काठीने खोली पाहावी, हळू जावे, आणि बाहेर आल्यावर ब्रेक हलके दाबत सुकवावेत.

शेवटी मदतीची सोय. घाटात फोनची रेंज जाते, म्हणून ती शेवटची कुठे मिळते ती जागा जातानाच लक्षात ठेवावी, घरी एका जबाबदार माणसाला वाट आणि परतीची वेळ सांगावी आणि 108 च्या रुग्णवाहिकेला पक्क्या रस्त्यावर कुठे बोलवायचे ते ठरवावे. मान किंवा पाठ दुखत असलेल्या जखमीला यूटीव्हीत घालून धक्के देत आणू नये. गाडी अंगावर असेल तर गोष्ट वेगळी, तेव्हा इंजिन बंद करून सर्वांनी मिळून ती उचलावी. परतल्यावर ट्रेलरवर चढवण्याआधी चाकांची माती शेतातच झाडावी, नाहीतर ती खंडवा रस्त्याच्या डांबरावर पडून मागच्या दुचाकीस्वाराला घसरवते. गाडी कुठे आपटली, कोणता पट्टा उसवला, ब्रेक कोणत्या बाजूला ओढत होता, हे कागदावर लिहून तो किल्लीबरोबर बांधावा आणि पुढच्या वेळी गाडी नेणाऱ्याच्या हातात द्यावा.