शाळेच्या मालकीचे टॅब आणि शैक्षणिक ॲपची मंजुरी : व्यवस्था कशी बसवावी

ठाणे आणि नवी मुंबईतील अनेक शाळांकडे आता टॅबचा एखादा संच असतो. काही संस्थेने स्वतः घेतलेले असतात, काही माजी विद्यार्थ्यांनी दिलेले, तर काही ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्ट्यातील एखाद्या कंपनीच्या सीएसआर निधीतून आलेले. टॅब हाती पडले की जो तो शिक्षक आपल्या पसंतीची ॲप त्यावर टाकू लागतो, कुणाचे तरी खासगी जीमेल खाते त्यात राहून जाते आणि वर्षभरात कोणत्या टॅबवर काय आहे हे कुणालाच सांगता येत नाही. हे टाळायचे असेल, तर टॅब वर्गात नेण्यापूर्वीच दोन गोष्टी ठरवाव्यात : टॅबचा ताबा कुणाकडे राहील, आणि त्यावर कोणते ॲप येऊ द्यायचे हे कुणी व कशाच्या आधारे ठरवायचे.

आधी नोंद

प्रत्येक टॅबची डेडस्टॉक रजिस्टरमध्ये, म्हणजे शाळेच्या टिकाऊ वस्तूंच्या नोंदवहीत, स्वतंत्र ओळ हवी. ‘टॅब, नग ३०’ अशी एकत्रित नोंद पुढे काहीच उपयोगाची ठरत नाही. अनुक्रमांक, कंपनीचा सीरियल नंबर, खरेदीची किंवा देणगीची तारीख, वॉरंटीची मुदत आणि सिमकार्डाची सोय असल्यास आयएमईआय क्रमांक (मोबाइल नेटवर्कवर उपकरणाची ओळख पटवणारा क्रमांक), एवढे लिहून तोच अनुक्रमांक टॅबच्या पाठीवर न निघणाऱ्या लेबलने चिकटवावा. सिमचा टॅब हरवला, तर पोलिसांत तक्रार नोंदवून ‘संचार साथी’ पोर्टलवरून तो आयएमईआय बंद करवता येतो. केवळ वाय-फायवर चालणाऱ्या टॅबला आयएमईआय नसतो, म्हणून तिथे सीरियल नंबर आणि बिलाची प्रत हाच पुरावा असतो.

टॅब शाळेच्या खात्याखाली आणणे

एकेक टॅब हातात घेऊन त्यावर ॲप टाकत बसण्याऐवजी सर्व टॅब एकाच ठिकाणाहून हाताळू देणाऱ्या व्यवस्थापन प्रणालीला जोडावेत. तिला एमडीएम (मोबाइल डिव्हाइस मॅनेजमेंट) म्हणतात. अँड्रॉइड टॅबसाठी सुरुवात गुगल वर्कस्पेस फॉर एज्युकेशनपासून करता येते; मान्यताप्राप्त शाळांना त्याची मूळ आवृत्ती विनामूल्य मिळते. आयपॅड असतील तर ॲपल स्कूल मॅनेजर आणि त्याला जोडलेले एमडीएम लागते. खर्च परवडत नसल्यास मोजक्या टॅबसाठी साधी प्रणाली पुरते. मात्र खाते शाळेच्या नावाचे असावे, आणि त्याचा पासवर्ड मुख्याध्यापक व संगणक शिक्षक या दोघांकडे मोहोरबंद पाकिटात असावा. एकाच व्यक्तीच्या मोबाइलवर ओटीपी येत असेल आणि त्या व्यक्तीची बदली झाली, तर शाळाच आपल्या टॅबबाहेर राहते.

अँड्रॉइड टॅबवर शाळेचे पूर्ण नियंत्रण हवे असेल, तर तो नवा किंवा फॅक्टरी रीसेट केलेला असावा लागतो. वापरात असलेल्या टॅबवर ते नियंत्रण मागाहून बसत नाही. स्वागताच्या पडद्यावर एकाच जागी सहा वेळा बोट टेकवले की क्यूआर कोड वाचण्याची सोय उघडते, आणि एमडीएमने दिलेला कोड दाखवला की पुढची मांडणी आपोआप होते. रीसेट करण्याआधी टॅबवरील जुनी खाती सेटिंग्जमधून काढून टाकावीत. तसे न करता बाजूची बटणे दाबून रीसेट केले, तर टॅब पुन्हा जुन्याच खात्याचा पासवर्ड मागतो, आणि ती व्यक्ती शाळा सोडून गेली असेल तर टॅब अडकून पडतो.

जोडणी झाल्यावर शिक्षकांचा गट वेगळा आणि विद्यार्थ्यांचे गट इयत्तेनुसार वेगळे करावेत. विद्यार्थ्यांच्या टॅबवर प्ले स्टोअरमध्ये फक्त मंजूर ॲप दिसतील, बाहेरून फाइल आणून ॲप टाकता येणार नाही आणि खासगी खाते जोडता येणार नाही, अशी बंधने घालावीत. शिक्षकांना थोडी मोकळीक द्यावी; पण त्यांचा टॅबही शाळेचाच आहे, त्यामुळे मंजुरीचा नियम त्यांनाही लागू राहतो.

ॲपची मंजुरी

ॲप मंजूर करणे हा आधी शैक्षणिक निर्णय आहे आणि मग तांत्रिक. अनेक शाळांत याच्या उलट घडते : संगणक शिक्षकाला विचारले जाते, तो ‘चालते’ म्हणतो आणि ॲप येते. मागणी नेहमी विषयशिक्षकाने लेखी करावी. त्या अर्धपानी अर्जात कोणत्या इयत्तेच्या कोणत्या घटकासाठी ॲप हवे, फळा, पाठ्यपुस्तक किंवा प्रयोगवही यांनी जे साधत नाही ते या ॲपने नेमके काय साधेल, आणि आठवड्यात किती तासिका ते वापरले जाईल, एवढेच लिहावे. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर देता येत नसेल, तर अर्ज तिथेच थांबवणे योग्य.

मागणी आल्यावर त्याच विषयाच्या दुसऱ्या शिक्षकाने ॲप विद्यार्थ्याच्या भूमिकेतून पूर्ण वापरून पाहावे. गणिताच्या संज्ञा बालभारतीच्या पुस्तकातल्याच आहेत का, मराठी वाचण्याजोगी आहे की यंत्राने शब्दशः भाषांतरित केलेली, मुलाने मुद्दाम चुकीचे उत्तर दिल्यावर ॲप चूक समजावून सांगते की केवळ लाल फुली दाखवते, हे त्यात तपासावे. चुकीच्या उत्तराची ही तपासणी मला सर्वांत महत्त्वाची वाटते, कारण बरोबर उत्तरावर शाबासकी प्रत्येक ॲप देते, पण मूल शिकते ते चुकीच्या ठिकाणी.

त्यानंतर माहितीच्या सुरक्षेचा प्रश्न येतो. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम, २०२३ नुसार १८ वर्षांखालील प्रत्येक व्यक्ती बालक आहे. तिची माहिती घेण्यासाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती लागते, आणि मुलांच्या वर्तनाचा मागोवा घेणे किंवा त्यांना उद्देशून जाहिराती दाखवणे या कायद्याला मान्य नाही. शैक्षणिक संस्थांना नियमांत मर्यादित सवलत आहे आणि कायदा टप्प्याटप्प्याने लागू होत आहे. तरीही त्याच्या पूर्ण अंमलाची वाट न पाहता शाळेने हीच कसोटी आजपासून लावावी. प्ले स्टोअरवरील ‘डेटा सेफ्टी’चा भाग वाचावा, पण ती माहिती विकासकाने स्वतः दिलेली असते हे लक्षात ठेवावे. म्हणून ॲप टाकल्यावर ते कोणत्या परवानग्या मागते ते पाहावे. पाढ्यांच्या ॲपला संपर्कयादी किंवा ठिकाण कशाला हवे, याचे समाधानकारक उत्तर नसेल तर ॲप नाकारावे. जाहिराती असलेले विनामूल्य ॲप विद्यार्थ्यांच्या टॅबवर अजिबात येऊ देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. विद्यार्थ्याचे पूर्ण नाव, जन्मतारीख किंवा पालकांचा मोबाइल क्रमांक न देता, ‘७ब-१४’ अशा सांकेतिक नावाने ॲप वापरता येत असेल, तर तसेच वापरावे.

संमतीपत्र घरी समजेल अशा भाषेत द्यावे. आपल्याकडे एकाच वर्गात मराठी, हिंदी आणि उर्दू बोलणारी घरे असतात, त्यामुळे केवळ इंग्रजी नमुन्यावर घेतलेली सही ही खरी संमती ठरत नाही. ॲपचे नाव, कारण, कोणती माहिती जाणार आणि संमती मागे कशी घ्यायची, एवढे एका पानात लिहिता येते. संमती न देणाऱ्या पालकाच्या मुलासाठी त्याच घटकाचा पर्यायी स्वाध्याय तयार ठेवावा, म्हणजे ते मूल वर्गात वेगळे पडत नाही.

तांत्रिक चाचणी शेवटी आणि थोडक्यात करावी : शाळेतील सर्वांत जुन्या टॅबवर, वर्गातल्या सर्वांत मंद वाय-फायवर आणि शक्यतो ३० टॅब एकाच वेळी चालू ठेवून. इंटरनेटशिवाय चालणाऱ्या साधनांना प्राधान्य द्यावे. गणितासाठी जिओजेब्रा, फेट (PhET) या संचातील मराठीतही उपलब्ध असलेली विज्ञानाची प्रात्यक्षिके, पाठ्यपुस्तकांतील क्यूआर कोडशी जोडलेले दीक्षा आणि स्टोरीवीव्हरवरील मराठी गोष्टी, एवढ्या संचाने सुरुवात करणाऱ्या शाळेला पुष्कळ दिवस नव्या ॲपची गरज भासत नाही.

मुख्याध्यापक, विषयशिक्षक, संगणक शिक्षक आणि एक पालक प्रतिनिधी यांच्या छोट्या समितीने महिन्यातून एकदा अर्ज निकाली काढावेत. निर्णय मंजूर, नामंजूर किंवा एका वर्गात चाचणी यांपैकी एक असावा, आणि नामंजुरीचे कारणही लिहून ठेवावे, कारण पुढच्या वर्षी तेच ॲप दुसऱ्या शिक्षकाकडून पुन्हा येते.

रोजचा वापर आणि पावसाळा

टॅब कुलूपबंद चार्जिंग कपाटात ठेवावेत आणि तासिकेपूर्वी व नंतर मोजून घ्यावेत. रात्रभर सगळे चार्जिंगला लावून शाळा बंद करू नये. मे महिन्याच्या सुट्टीसाठी टॅब पूर्ण चार्ज किंवा पूर्ण रिकामे न ठेवता साधारण निम्म्या चार्जवर बंद करून ठेवावेत, बॅटरी त्याने टिकते. जून ते सप्टेंबर आपल्याकडील दमट हवेत कपाट बाहेरच्या भिंतीला टेकवू नये, आणि आत सिलिका जेलच्या पिशव्या ठेवून त्या वेळोवेळी बदलाव्यात. वेळेच्या मर्यादेसाठी शिक्षण मंत्रालयाच्या २०२० च्या ‘प्रज्ञाता’ मार्गदर्शक सूचनांचा आधार घेता येतो. त्यांत पहिली ते आठवीच्या ऑनलाइन वर्गांसाठी दिवसाला ३० ते ४५ मिनिटांची दोनच सत्रे सुचवली आहेत.

काढून टाकणे

प्रत्येक शैक्षणिक सत्राच्या शेवटी एमडीएमच्या अहवालात न वापरलेली ॲप पाहावीत आणि ती सर्व टॅबवरून काढावीत. ॲप मालकी बदलते किंवा अपडेटनंतर नव्या परवानग्या मागते, तेव्हा जुनी मंजुरी रद्द समजून ते पुन्हा समितीपुढे आणावे. ॲप काढताना त्यातील विद्यार्थ्यांची खाती आणि माहिती पुसण्याची विनंती कंपनीला ईमेलने करावी, आणि तिचे उत्तर मूळ अर्जालाच जोडून ठेवावे. सुरक्षा अपडेट मिळणे बंद झालेला टॅब विद्यार्थ्यांना देऊ नये. तो इंटरनेटशिवाय वाचनालयात वापरता येतो. तोही उपयोग संपला, तर टॅब रीसेट करून एमडीएममधून काढावा आणि ई-कचरा नियम, २०२२ खाली नोंदणी असलेल्या पुनर्प्रक्रियाकाराकडेच पावती घेऊन द्यावा. भंगारवाल्याला विकलेल्या टॅबमधील मुलांची छायाचित्रे पुढे कुणाच्या हाती पडली, हे शाळेला कधीच कळणार नाही.