बायोलॉजी शिकताना विचारायचा प्रश्न: हे कशावरून?

मी साताऱ्यात बी.एस्सी.च्या मुलांना मायक्रोबायोलॉजी शिकवते. पहिल्या वर्षाला येणारी बरीच मुलं नीटची तयारी करून आलेली असतात. एनसीईआरटीच्या ओळी त्यांना तोंडपाठ असतात, पण ‘हे कशावरून?’ असं विचारलं की वर्ग गप्प होतो. पुढचं सगळं शिक्षण याच प्रश्नावर उभं आहे, तेव्हा सवय अकरावी-बारावीतच लावून घ्या.

डीएनएची नक्कल कशी होते हे दाखवणारा मेसेल्सन आणि स्टाल यांचा 1958 चा प्रयोग घ्या. ‘एक धागा जुना, एक नवा’ एवढं वाचून पान उलटू नका. पुस्तक मिटा. जड नायट्रोजनवर वाढवलेले ई. कोलाय जीवाणू हलक्या नायट्रोजनच्या माध्यमात टाकले, तर पहिल्या आणि दुसऱ्या पिढीनंतर सीझियम क्लोराइडच्या नळीत (वेगाने फिरवल्यावर त्यात जड डीएनए खाली आणि हलका वर थांबतो) डीएनएचे पट्टे कुठे दिसतील ते काढा. मग उरलेल्या दोन शक्यतांचीही चित्रं काढा: जुना रेणू अखंड राहिला तर, आणि जुन्याचे तुकडे सगळीकडे विखुरले तर. पहिल्या पिढीत एकच मधला पट्टा दिसला, म्हणजे अखंड रेणूची शक्यता बाद. विखुरण्याची शक्यता मात्र अजून शिल्लक आहे! ती दुसऱ्या पिढीत दोन वेगळे पट्टे दिसल्यावरच जाते. आता तिसऱ्या पिढीत मधल्या पट्ट्यात किती डीएनए असेल, ते स्वतः काढा. पाव उत्तर आलं तर धडा समजला. महत्त्वाच्या प्रत्येक धड्यातला एक तरी प्रयोग असा सोडवा.

प्रॅक्टिकलला मी याहून जास्त जपते. जीवाणू जांभळे रंगतात की गुलाबी यावरून त्यांचे दोन गट पाडणाऱ्या ग्रॅम स्टेनमध्ये क्रिस्टल व्हायोलेट, आयोडीन, अल्कोहोल, सॅफ्रॅनिन हा क्रम सगळ्यांना येतो. खरी परीक्षा अल्कोहोलची असते. ते जरा जास्त वेळ राहिलं की एरवी जांभळे राहणारे ग्रॅम पॉझिटिव्ह जीवाणूही गुलाबी दिसतात. कल्चर, म्हणजे वाढवलेले जीवाणू, शिळं असेल तरी तेच होतं. म्हणून ताजं कल्चर वापरा आणि त्याच स्लाइडवर ओळखीचे दोन जीवाणू, एक पॉझिटिव्ह आणि एक निगेटिव्ह, शेजारी ठेवा. ते बरोबर रंगले तरच मधल्या अनोळखी नमुन्यावर विश्वास ठेवा. जर्नलमध्ये जे दिसलं तेच लिहा. शेजारणीचा निकाल उतरवून घेतलेला मला चालत नाही, कारण उद्या हीच मुलगी लशीच्या कारखान्यात क्वालिटी कंट्रोलला बसणार असते. तिथे निर्जंतुकतेच्या चाचणीत नमुना 14 दिवस उबवून बघतात. तेव्हा नोंदीत लिहिलेल्या शब्दावरच बॅच पुढे जाते.

गणित सोडू नका, ही माझी कळकळीची विनंती. आयसर या केंद्र सरकारच्या विज्ञान संस्थांच्या प्रवेश परीक्षेत बायोलॉजीइतकंच वजन गणिताला असतं. जमत असेल तर बारावीला पीसीएमबी (भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित आणि बायोलॉजी) ठेवा. नसेल ठेवलं तर पदवीच्या काळात संख्याशास्त्र आणि थोडं ‘आर’ (आकडेवारीसाठी वापरतात ती संगणकाची भाषा) शिका. जीनोमचा डेटा हाताने मोजून होत नाही.

आता वाटा. संशोधन करायचं असेल तर एम.एस्सी.नंतर सीएसआयआर नेट किंवा डीबीटीची (केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाची) परीक्षा देऊन जेआरएफ, म्हणजे पीएच.डी. करताना मिळणारी फेलोशिप. 2023 पासून जेआरएफचं विद्यावेतन महिन्याला 37,000 रुपये आहे. पीएच.डी.ला पाच-सहा वर्षं धरा आणि घरी हे आधीच सांगून ठेवा. पुण्यातच आयसर, एनसीसीएस (पेशीविज्ञान), आघारकर संशोधन संस्था, एनसीएल (रसायनशास्त्र) आणि एनआयव्ही (विषाणू) आहेत. खारघरला कर्करोगावर काम करणारं अॅक्ट्रेक. गोव्यात दोना पावलाला समुद्रविज्ञान संस्था. नोकरीच हवी असेल तर लस आणि औषध कंपन्या, जालन्याच्या बियाणे कंपन्या, नाशिकच्या वायनरी, आयव्हीएफच्या लॅब. भारतीय वन सेवेकडे डोळा असेल तर पदवीचे विषय आत्ताच नीट बघून घ्या. तिथे प्राणिशास्त्र, वनस्पतिशास्त्र अशा ठरावीक विषयांपैकी एक पदवीला असावा लागतो, आणि नुसतं मायक्रोबायोलॉजी त्या यादीत नाही.

दुसऱ्या वर्षाच्या सुट्टीत एखाद्या लॅबमध्ये काम मिळवायचा प्रयत्न करा. विज्ञान अकादमींच्या उन्हाळी फेलोशिपचे अर्ज उन्हाळ्याच्या कितीतरी आधी बंद होतात, तेव्हा दिवाळीपासूनच लक्ष ठेवा. थेट शास्त्रज्ञांना लिहिणार असाल तर एकच मजकूर पन्नास जणांना पाठवू नका. त्यांचा एक पेपर निवडा. सगळा समजला नाही तरी चालेल, एक आकृती समजेपर्यंत वाचा. मग सहा-सात ओळी लिहा: तुम्ही कोण, काय शिकता, त्या आकृतीबद्दल तुमचा प्रश्न काय, कोणत्या तारखांना येऊ शकता आणि कोणती तंत्रं स्वतःच्या हाताने केली आहेत. गुणपत्रिका जोडा. दोन आठवड्यांत उत्तर आलं नाही तर एकदा नम्रपणे आठवण करा आणि मग पुढच्या लॅबचा पेपर उघडा.