अडीचशे ओहमचा हेडफोन आणि सासऱ्यांचा ॲम्प्लिफायर

भाचा नोकरीसाठी बाहेरगावी गेला तेव्हा आपला हेडफोन माझ्याकडे टाकून गेला. "मावशी, ठेव तूच. पिक्चर पाहताना डायलॉगच ऐकू नाही येऊन राहिले. खराब झाला वाटते." बायरडायनॅमिकचा डीटी ९९० प्रो, जुन्या टेलिफोनसारखी पीळदार वायर, आणि खोक्यावर छापलेलं २५० ओहम. तो आकडा पाहून मी म्हटलं, बाबा, याला तू आजवर उपाशी ठेवलंस.

मी नागपुरातल्या एका कॉलेजच्या फिजिक्स लॅबमध्ये सव्वीस वर्षं प्रयोगशाळा सहायक होते. मुलांना ओहमचा नियम पाठ असतो, पण तो घरातल्या कुठल्या वस्तूला लावावा हे सुचत नाही. इथे तोच लावायचा आहे, दुसरं काही नाही.

खोक्यावर दोन आकडे बघा. एक इम्पीडन्स, म्हणजे हेडफोन विजेला करतो तो रोध, इथे २५० ओहम. दुसरा संवेदनशीलता, म्हणजे ठरावीक वीज दिली की किती मोठा आवाज निघतो, या हेडफोनची ९६ डेसिबल, १ मिलिवॅटला. २५० ओहममध्ये १ मिलिवॅट घालायला किती व्होल्ट लागतात? ०.००१ गुणिले २५०, त्याचं वर्गमूळ: बरोब्बर अर्धा व्होल्ट. व्होल्ट दुप्पट केले की ६ डेसिबल वाढतात. म्हणजे १ व्होल्टला १०२, २ व्होल्टला १०८. फोनसोबत मिळणाऱ्या ३२ ओहमच्या इअरफोनला तोच १ मिलिवॅट ०.१८ व्होल्टमध्येच मिळतो. त्याला करंट जास्त लागतो, याला व्होल्ट जास्त लागतात. हा एवढाच फरक, पण दुकानात तो कोणी सांगत नाही. तिथे सगळं वॅटमध्ये चालतं.

फोन साधारण अर्धाच व्होल्ट देतो. आता त्याचे ९६ डेसिबल ऐकून कोणी म्हणेल, हे तर पुष्कळ झालं. पण तो आकडा सर्वात मोठ्या क्षणाचा आहे. नवीन गाणी सगळीच मोठ्यानं भरलेली असतात, ती फोनवरही चालून जातात. सिनेमातलं बोलणं त्याच्या पंचवीसेक डेसिबल खाली असतं, आणि जुन्या ख्यालाच्या ध्वनिमुद्रणात विलंबित आलाप तर त्याहूनही खाली. भाच्याच्या डोक्यावर हॉस्टेलचा पंखा गरगरत होता, त्यात डायलॉग बुडाले.

मग घरात जे जे आहे त्यातून किती व्होल्ट निघतात ते मोजा. आधी मोजा, मग बर्डीवर, म्हणजे आमच्या सीताबर्डीच्या बाजारात, खरेदीला जा. लॅपटॉपवर ऑडॅसिटी हा मोफत प्रोग्राम टाका, जनरेट मेनूतून ५० हर्ट्झचा टोन बनवा. ॲम्प्लिट्यूड तिथे आपोआप ०.८ येतो, तो १ करा. पन्नास हर्ट्झ अशासाठी की साधे मल्टिमीटर घरच्या विजेच्या फ्रिक्वेन्सीलाच नीट वाचतात. हजार हर्ट्झला थापा मारणारे मी खूप पाहिले. आणि तो सगळ्यांच्या घरी असतो तो स्वस्तातला पिवळा मीटर इथे कामाचा नाही. त्यात एसीची सुरुवातच २०० व्होल्टच्या रेंजपासून होते, अर्धा व्होल्ट म्हणजे त्याला ०.५ किंवा ०.६, त्याच्या मर्जीप्रमाणे. एसीची २ व्होल्ट आणि २० व्होल्टची रेंज असलेला मीटर शेजारून मागून आणा.

एक सुटा साडेतीन मिलिमीटरचा स्टिरिओ पिन घ्या, झाकण काढा. टोक म्हणजे डावा, मधलं कडं म्हणजे उजवा, बूड दोघांचं सामायिक. मीटर टोक आणि बूड यांच्यावर लावायचा. हेडफोन त्या वेळी कानावर तर नकोच, जोडलेलासुद्धा नको. ॲम्प्लिफायर असेल तर स्पीकर सोडवून ठेवा आणि आवाजाची खुंटी शून्यावरून हळूहळू वर न्या.

माझ्याकडे आलेले आकडे: फोनचा डोंगल, म्हणजे हेडफोनची पिन लावायला फोनला जोडतात तो तुकडा, ०.४८ व्होल्ट. लॅपटॉप १.०२. आणि सासऱ्यांचा जुना स्टिरिओ ॲम्प्लिफायर, जो पंधरा वर्षं देव्हाऱ्याशेजारी नुसता धूळ खात होता, त्यानं खुंटी अर्ध्याच्या थोडी पुढे नेल्यावर ६ व्होल्ट दिले. लॅपटॉप रात्री शांततेत पुरतो. फोन पुरत नाही. ॲम्प्लिफायर नको तेवढा पुरतो.

पण नुसत्या व्होल्टवर भाळू नका. जुन्या ॲम्प्लिफायरमध्ये हेडफोनसाठी वेगळं सर्किट बहुतेक नसतंच. स्पीकरचाच आउटपुट एका मोठ्या रेझिस्टरमधून पुढच्या सॉकेटला दिलेला असतो, दोनशेवीस ते चारशेसत्तर ओहमच्या दरम्यानचा. तो किती आहे हे पेटी न उघडता कळतं. रिकाम्या सॉकेटवर व्होल्ट मोजा, मग खुंटीला हात न लावता टोक आणि बूड यांच्यात ३३० ओहमचा रेझिस्टर जोडून परत मोजा. माझ्याकडे ६ चे ३ झाले. अर्ध्यावर आले म्हणजे आतला रोध बाहेरच्याएवढाच, ३३० ओहम. अर्ध्यावर नाही आले तर पहिला आकडा भागिले दुसरा, त्यातून एक वजा, गुणिले ३३०.

यानं ऐकण्यात काय फरक पडतो, तर हेडफोनचा इम्पीडन्स सगळ्या सुरांना सारखा नसतो. पडदा जिथे स्वतःहून झुलायला बघतो त्या खर्जाच्या भागात तो वर जातो. समजा तिथे २५० चे ४०० झाले. आत ३३० ओहम बसलेले असतील तर त्या भागाला वाट्याला येणारे व्होल्ट वाढतात; हिशोब केला तर साधारण २ डेसिबलची वाढ. प्रत्यक्षात काय होतं, तर डग्ग्याला पोट सुटतं. तबल्याच्या चाटीवर काही परिणाम नाही, पण डग्ग्याची घुमक जरा जास्त वेळ रेंगाळते. हाच प्रकार ३२ ओहमच्या हेडफोनला केला, आणि त्याचे खर्जात ६० झाले, तर वाढ जवळजवळ ५ डेसिबल. म्हणून जुन्या ॲम्प्लिफायरला जास्त ओहमचा हेडफोनच शोभतो, कमी ओहमचा बिचारा ढोल होतो. तेव्हाची यंत्रं आणि तेव्हाचे हेडफोन एकमेकांना डोळ्यांसमोर ठेवूनच बनायचे. १९९६ च्या एका आंतरराष्ट्रीय मानकातसुद्धा हेडफोनच्या सॉकेटचा रोध १२० ओहम धरलेला आहे.

काटेकोर लोकांचा नियम असा की सॉकेटचा रोध हेडफोनच्या एकअष्टमांशाहून कमी हवा, म्हणजे २५० ला तीसेक ओहम. मला विचाराल तर नव्या ध्वनिमुद्रणाला तो नियम पाळते, लॅपटॉपवर ऐकते. जुन्या रेकॉर्डवरून उतरवलेल्या गाण्यांत खर्ज मुळातच अशक्त असतो, त्याला ते २ डेसिबल मानवतात.

सासऱ्यांच्या ॲम्प्लिफायरचा आणखी एक फायदा मला वापरताना कळला. इअरफोन लावला की खुंटी जरा हलवताच आवाज अंगावर येतो, आणि त्या सुरुवातीच्या टप्प्यात जुनी खुंटी डावा-उजवा सारखा देत नाही, गायक एका कानात जाऊन बसतो. २५० ओहमला खुंटी बरीच पुढे न्यावी लागते, तिथे दोन्ही बाजू सारख्या असतात. ॲम्प्लिफायरची बारीक सूं-सूंही या हेडफोनमध्ये जवळजवळ ऐकू येत नाही.

आता जे मी केलं आणि तुम्ही करू नये ते. ऑनलाइन मागवलेला एक छोटा क्लास-डी बोर्ड, म्हणजे नव्या पद्धतीच्या ॲम्प्लिफायरचं उघडं सर्किट, माझ्याकडे होता. म्हटलं, स्पीकरच्याच टर्मिनलवरून रेझिस्टर लावून हेडफोन काढू, सासऱ्यांच्या ॲम्प्लिफायरमध्ये तेच तर केलं आहे. दोन्ही बाजूंचे वजा एकत्र करून पिनाच्या बुडाला जोडले, स्विच लावला, आणि टिचकी मारल्यासारखा आवाज होऊन बोर्ड मेला. चूक माझीच. अशा बोर्डात बहुधा वजा म्हणजे जमीन (शून्य व्होल्टची ग्राउंड) नसते, तिथेही सिग्नल असतो, दोन्ही बाजूंचा वेगवेगळा. हेडफोनच्या पिनात वजा सामायिक असतो, म्हणजे मी दोन आउटपुट एकमेकांवर आदळवले. गाडीतल्या ॲम्प्लिफायरचीही हीच गोष्ट. स्पीकरच्या टर्मिनलवरून हेडफोन काढण्याच्या भानगडीत पडूच नका. ॲम्प्लिफायरच्या मागच्या टेप-आउटलाही, म्हणजे टेपवर ध्वनिमुद्रण करण्यासाठीच्या सॉकेटलाही, लावू नका. तिथे खुंटी चालत नाही आणि हेडफोन ओढण्याचा दम नसतो.

पहिल्यांदा लावण्याआधी जुन्या सॉकेटवर डीसी, म्हणजे एकाच दिशेची स्थिर वीज, किती आहे तेही बघा, गाणं बंद ठेवून. वीस-तीस मिलिव्होल्टपर्यंत ठीक. अर्धा व्होल्ट दिसला तर ॲम्प्लिफायर आधी दुरुस्तीला द्या. आणि खुंटी शून्यावर आणूनच पिन खुपसायचा. सहा व्होल्टवाला रिकामा सॉकेट ३३० ओहममधूनसुद्धा या हेडफोनला अडीच व्होल्टच्या वर देतो, म्हणजे ११० डेसिबल, तेही कानाला चिकटून.

नवीन छोटा हेडफोन-ॲम्प्लिफायर घ्यायचाच असेल तर जाहिरातीतला मिलिवॅटचा आकडा किती ओहमला आहे ते विचारा. '३२ ओहमला १०० मिलिवॅट' म्हणजे १.८ व्होल्ट, आणि २५० ओहममध्ये त्याचे १३ मिलिवॅटसुद्धा होत नाहीत. तरी १०७ डेसिबल झाले, घरात पुरे. २५० ओहमला २ व्होल्ट आणि सॉकेटचा रोध १० ओहमच्या आत, एवढं मिळालं की बाकी दिवे आणि चकाकी यांचे पैसे देऊ नयेत.

नागपूरकरांसाठी एक अडचण वेगळी आहे, ती कुठल्याच पुस्तिकेत नसते. डीटी ९९० मागून उघडा असतो, बाहेरचा आवाज सरळ आत येतो. हिवाळ्यात स्वर्ग. एप्रिल लागला की खिडकीत कूलर बसतो, आणि कूलर म्हणजे काय ते आपल्याला सांगायला नको. तानपुरा त्याच क्षणी गायब. मग हात आपसूक खुंटीकडे जातो. जागतिक आरोग्य संघटनेनं ८० डेसिबल आठवड्याला ४० तास अशी मर्यादा सांगितली आहे. कूलरवर मात करायला निघालात तर ती मे महिन्यात रोज मोडाल. मी मे महिन्यात पहाटे पाचला ऐकते, कूलर बंद करून, गच्चीवरून जरा वारा येतो तेवढ्यात. ज्यांना रात्रीच ऐकायचं आहे त्यांनी बंद पाठीचा घ्यावा. डीटी ७७० हा त्याच घरचा आहे आणि तोही २५० ओहममध्ये मिळतो, म्हणजे हाच सगळा हिशोब लागू. फक्त कानाला घाम फार येतो, गाद्या काढून अधूनमधून पुसाव्या लागतात.

पावसाळ्यात सासऱ्यांच्या ॲम्प्लिफायरचं सॉकेट खरखरायला लागतं, एक कान जातो-येतो. हेडफोनला दोष देण्याआधी आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये कापसाची काडी बुडवून, ॲम्प्लिफायर बंद असताना, सॉकेट आतून पुसा आणि पिन दहा-बारा वेळा आत-बाहेर करा. माझं त्यानं प्रत्येक जुलैत भागतं. पीळदार वायर मात्र टेबलावरून लोंबू देऊ नका, तिचं वजन सगळं त्या म्हाताऱ्या सॉकेटवर येतं. मी ती ॲम्प्लिफायरच्या पायाला सुतळीनं बांधून ठेवली आहे.