जुन्या फायबर बोटीच्या तळावरील फोड : या चुका टाळा

पॉलिएस्टर रेझिनमध्ये बांधलेली शिडाची बोट वर्षानुवर्षे पाण्यात राहिली की जेलकोटमधून, म्हणजे काचतंतूंच्या थरांवरील बाहेरच्या गुळगुळीत रेझिनच्या थरातून, पाणी हळूहळू आत झिरपते, रेझिनमध्ये शिल्लक राहिलेल्या ग्लायकॉलसारख्या द्रव्यांत मिसळते आणि त्यातून तयार झालेले आम्लधर्मी द्रावण आणखी पाणी ओढून घेते. त्याच्या दाबाने जेलकोट फुगतो. यालाच ऑस्मोसिस म्हणतात. या विकाराने बोट क्वचितच बुडते, परंतु घाईची दुरुस्ती त्याला आत कोंडून ठेवते.

बोट वर काढल्यानंतर चार दिवसांनी तळ पाहायला जाणे ही पहिली चूक होय. तळ सुकू लागताच लहान फोड बसतात, म्हणून बोट धुऊन झाल्याबरोबर प्रत्येक फोडाभोवती खूण करून घ्यावी. एखादा फोड टोचून पाहावा, मात्र डोळ्यांवर गॉगल लावूनच, कारण आतील द्रवाची चिळकांडी उडते. द्रव चिकट असून त्याला व्हिनेगरसारखा आंबट वास येत असेल, तर ते ऑस्मोसिस समजावे. नुसते पाणी निघाले आणि फोड रंगाच्या थरातच असेल, तर जुना रंग खरवडून नवा लावणे पुरेसे आहे. मोजक्या फोडांसाठी साऱ्या तळाचा जेलकोट सोलून काढण्याचा सल्ला लगेच मानू नये.

सर्वांत महाग पडणारी चूक सुकवण्यात होते. मुंबईत अनेक शिडाच्या बोटी पावसाळ्यापूर्वी वर काढल्या जातात आणि चार महिने जमिनीवर राहिलेला तळ सुकलाच असेल, असे मालकाला वाटते. दमट हवेत तो फारसा सुकत नाही. शिवाय रेझिनमध्ये उरलेल्या प्रॉपिलीन ग्लायकॉलचा उत्कलनबिंदू सुमारे १८८ अंश सेल्सिअस असल्याने ते वाऱ्यावर सहजी उडून जात नाही, उलट हवेतील ओलावा शोषते. म्हणून फोड उघडून, खराब जेलकोट काढून तो भाग गोड्या, शक्यतो गरम पाण्याने पुन्हा पुन्हा धुवावा लागतो. आंबट वास आणि चिकटपणा गेल्याशिवाय सुकवण्याला अर्थ नाही. खरे सुकवणे पाऊस सरल्यावरच्या कोरड्या हवेत करावे, मग त्या हंगामातील शिडाचे काही महिने हुकले तरी चालतील. ओलावा मोजताना बोटीच्या पोटात पाणी साचलेले नाही आणि तळावर तांबेयुक्त रंग उरलेला नाही, याची खात्री करावी. अन्यथा मापक चुकीचा आकडा दाखवते.

भराईसाठी पॉलिएस्टर पुटीऐवजी इपॉक्सी वापरावे, कारण ते जुन्या थराला अधिक घट्ट धरते आणि पाणीही कमी झिरपू देते. ते लावताना तळाचे तापमान दवबिंदूपेक्षा, म्हणजे हवेतील बाष्पाचे दव होऊ लागते त्या तापमानापेक्षा, किमान ३ अंशांनी जास्त असावे. वाळलेल्या इपॉक्सीवर अनेकदा मेणचट साय येते. ती आधी पाण्याने घासून धुवावी आणि मगच पॉलिश पेपर मारावा, नाहीतर ती खाचांत भरते आणि पुढचा हात सुटून येतो.

भेग काचतंतूंच्या थरापर्यंत गेली असेल, तर तिच्या कडा १२ : १ उताराने, म्हणजे ६ मिमी जाडीसाठी प्रत्येक बाजूला ७२ मिमीपर्यंत, घासून तेथे नवे कापड बसवावे. नुसती पुटी भरून वर जेलकोट लावलेली भेग त्याच जागी पुन्हा उघडते.