वारीचे पहिले चार दिवस: सोलापूरकरांनो, या चुका टाळा

ज्येष्ठ लागला की पेठेतली चार-सहा पोरं माझ्या दारात येतात. "आत्या, यंदा आळंदीपासून चालायचं. काय काय घेऊ?" काय घ्यायचं ते सगळे विचारतात, कसं चालायचं ते कुणी विचारत नाही. मग त्यातली दोन-तीन सासवडहूनच एसटीने परत येतात. दरवर्षी हेच बघून जीव तुटतो, म्हणून लिहिते.

आधी तिथ्या नीट बघा. माऊलींचं प्रस्थान ज्येष्ठ वद्य अष्टमीला. त्या रात्री पालखी आळंदीतच, आजोळघरी. नवमीला पुणे, दशमीला पुण्यातच मुक्काम आणि एकादशीला दिवे घाट चढून सासवड. तिथीच्या क्षयवृद्धीने कधी दिवस मागेपुढे होतो, पण क्रम हाच. म्हणजे चालण्याच्या पहिल्या दोन दिवसांतच साठेक किलोमीटर होतात, आणि घाट येतो नेमका उपवासाच्या दिवशी. सासवडला पुन्हा दोन रात्री मुक्काम असतो. तिथवर पाय शाबूत राहिले तर पुढचं माऊली बघतात.

आपल्याकडची सगळ्यात मोठी चूक म्हणजे कोजागरीला तुळजापूरला पायी जातो तो हिशेब वारीला लावणं. माझ्या भाच्यानेही तेच केलं. "तुळजापूर एका रात्रीत चालतो मी, हे काय!" म्हणाला. ते ४५ किलोमीटर आहेत, खरंय. पण दुसऱ्या दिवशी तो संध्याकाळपर्यंत झोपतो. वारीत दुसऱ्या दिवशी पहाटे उठून परत चालायचं असतं, त्याच सुजलेल्या पायांनी. पुण्यातला विसाव्याचा दिवस त्याने नातेवाइकांकडे फिरण्यात घालवला आणि तिथेच नवे बूट घेतले. एकादशीला कडक उपवास, पोटात फक्त चहा. वडकीला मस्तानी तलाव मागे पडला, घाट समोर दिसला आणि त्याला दम निघेना. दिंडी सोडून पळतच वर गेला आणि रथ येईपर्यंत पावसात उभा राहिला. कोरडे कपडे सामानाच्या ट्रकमध्ये. सासवडला राहुटीत त्याने मोजा काढला, तर टाचेची कातडी मोज्याबरोबर आली. रुपयाच्या नाण्याएवढं लाल मांस. रात्री ताप भरला. दुसऱ्या दिवशी मी त्याला एसटीत बसवलं तेव्हा तो रडत होता, आणि मलाही आवरलं नाही.

घाटात दिंडीतच राहा. तिथे रथाला जादा बैलजोड्या जुंपतात, त्या बैलांची चाल बघा. अभंगाच्या ठेक्यावर चाललं की धाप लागत नाही, हा माझा दरवर्षीचा अनुभव. उपवास असला तरी चढाआधी मी दोन केळी आणि राजगिऱ्याचा लाडू खाते, लिंबू-साखरेच्या पाण्यात सैंधव टाकून पिते. साखरेचा, रक्तदाबाचा त्रास असेल तर उपवासाचं डॉक्टरांना आधी विचाराच.

सराव मी अक्षय्य तृतीयेपासून धरते. पहाटे सिद्धेश्वर तलावाच्या बाजूने, ऊन चढायच्या आत. रविवारचे वीस किलोमीटर आणि बाकी आठवडा काही नाही, असा सराव मला पटत नाही. लागोपाठ दोन दिवस पंधरा-पंधरा चाला, तेव्हा पाय काय ते सांगतात. आपलं गाव सपाट, म्हणून दोनदा तरी तुळजापूरचा घाट चढून-उतरून या. वारीला न्यायची चप्पल तीच पायात हवी. दुकानातून थेट वारीत नेलेली चप्पल बघितली की मला राग येतो.

दुसरी चूक आपल्या अभिमानाची. सोलापुरी चादर! आपल्या गावात विणली जाणारी वस्तू, सोडवत नाही, कळतं मला. पण सुती चादर भिजली की दुप्पट जड होते आणि दोन दिवस वाळत नाही. माझ्या पहिल्या वारीत ती पुण्यातच भिजली. सासवडला तिला कुबट वास येत होता आणि मी ओल्या अंथरुणावर कुडकुडत बसले होते. आता पातळ शाल आणि अंगावर घ्यायला प्लास्टिकचा कागद, बस. चादर घरी ठेवा. कडक भाकरी आणि शेंगाचटणी मात्र जरूर न्या, एकादशी सोडून कधीही कामाला येते.

दिंडीचा नुसता नंबर पाठ करू नका. रथापुढे की रथामागे तेही सांगता आलं पाहिजे, कारण तोच नंबर दोन्हीकडे असतो. ट्रकचा नंबर चिठ्ठीवर लिहून खिशात ठेवा. गर्दीत मोबाइल लागत नाही.

भिशी, म्हणजे दिंडीतल्या जेवणखाणाची वर्गणी, आधीच भरा, आयत्या वेळी दिंडीवाल्यांना अडचणीत टाकू नका.

फोड आला तर कातडी सोलू नका. सुई तापवून कडेला टोचा, पाणी काढा, वर स्वच्छ पट्टी. बोटांमध्ये मी पहाटेच व्हॅसलीन लावते.

पायाची नखं निघायच्या आदल्या दिवशी कापू नका, आठवडाभर आधी कापा. घाट उतरताना खोलवर कापलेलं नख बोटात रुततं.